टर्मक्समध्ये मराठी फाइल वाचताना मध्येच चौकोन येतायत, शब्द पण तुटतायत, एन्कोडिंगचा घोळ नक्की कुठे?

खटपट्या

मंडळी जरा मदत हवीय. मोबाईलवर टर्मक्स (अँड्रॉइडवर लिनक्सच्या कमांड चालवायचं ॲप) टाकून पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, काम तसं साधं आहे, मोठी मराठी टेक्स्ट फाइल घ्यायची, कुठला शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं आणि स्क्रीनवर दोन रकान्यांत यादी दाखवायची, बस. फाइल चांगली मोठी आहे आणि फोनची मेमरी बेताची म्हणून एकदम न वाचता ४०९६ बाइटचे तुकडे वाचतो, प्रत्येक तुकडा यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) म्हणून डिकोड करतो (आधी एरर येऊन प्रोग्रॅम आडवा पडायचा म्हणून एरर्सला रिप्लेस लावलंय) आणि मग रेजेक्सने (नमुना देऊन मजकूर शोधायची सोय) बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस लावून शब्द काढतो.

आता होतंय काय की

डिकोड झालेला मजकूर छापून बघितला की अधूनमधून चौकोन दिसतात. तीच फाइल फोनच्या साध्या एडिटरमध्ये उघडली की एकदम स्वच्छ, कुठे काही नाही.

शब्दांच्या जागी सुटी अक्षरंच जास्त दिसतात, "क्षितिज" हा शब्द तर यादीत नाहीच, पण नुसत्या "क" आणि "त" ची संख्या आभाळाला भिडलीय.

रकाने एका रेषेत येत नाहीत, एलजस्ट २० (शब्दामागे स्पेस भरून २० ची लांबी करणारं) लावलंय तरी आकडे कधी डावीकडे कधी उजवीकडे.

आणि "तऱ्हा" शब्द फाइलमध्ये डोळ्यांना दिसतोय पण ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) सापडत नाही. काही ठिकाणचा सापडतो, काही ठिकाणचा नाही!

प्रूटमध्ये (टर्मक्सच्या आत दुसरं लिनक्स चालवायची सोय) डेबियन पण टाकून बघितलं, तिथे तर डब्ल्यूसी (अक्षरं-शब्द मोजणारी कमांड) वेगळेच आकडे देतंय. लोकेलचा (भाषा आणि एन्कोडिंगची सिस्टिम सेटिंग) काही प्रकार आहे का हा? कमांडची नावं इथे देवनागरीतच लिहितोय, दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा कंटाळा.

अर्धविराम

लोकेल सेट नसेल. लँग ला एमआर_आयएन.यूटीएफ-८ एक्स्पोर्ट कर, बॅशआरसी मध्ये टाकून दे, होईल.

शेलपाखरू

त्याने काही होणार नाही, लोकेलचं नंतर बघू. आधी मला सांगा तुम्ही "चौकोन" कशाला म्हणताय? कारण टर्मिनलात मराठी बिघडते तेव्हा ती वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडते आणि प्रत्येकाचं कारण निराळं असतं, ते ओळखता आलं की अर्धं काम झालं.

नुसता रिकामा चौकोन असेल तर मजकूर ठीक आहे, फॉन्टमध्ये ते अक्षर नाही एवढंच. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह असेल, म्हणजे हे � , तर बाइट तुटलेत, डिकोडरला त्यातून अक्षर जुळवता आलेलं नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेला काना किंवा वेलांटी, असं ◌ा दिसलं तर बाइट शाबूत आहेत पण व्यंजन एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे गेलीय. आणि सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे चार काड्या फुटलेला छोटा गोल असं दिसत असेल तर यूटीएफ-८ चे बाइट कोणीतरी लॅटिन-१ समजून वाचलेत, कारण देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट ई० असतो आणि ई० म्हणजे लॅटिन-१ मधला तो तिरक्या रेघेचा ए.

तुमचं दुसऱ्या प्रकारातलं असणार अशी माझी शंका आहे, ४०९६ वाचल्यावरच पाल चुकचुकली. एक करा, एका ठिकाणी सलग किती प्रश्नचिन्हं येतात ते बघून सांगा.

खटपट्या

हो हो, काळी चौकट आणि आत प्रश्नचिन्ह. कुठे सलग तीन आहेत कुठे दोन. एक किंवा चार असं कुठेच दिसलं नाही. याला काही अर्थ आहे?

शेलपाखरू

आहे ना, भरपूर.

देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ, आणि यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये बरोबर तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, अनुस्वार, सगळे धरून, प्रत्येकी तीन. क म्हणजे ई० ए४ ९५. आता ४०९६ ला ३ ने भागा, १३६५ वेळा भाग जातो आणि बाकी १ उरते. म्हणजे फाइलमध्ये नुसती देवनागरी असती तर पहिल्या तुकड्याच्या शेवटी एका अक्षराचा फक्त पहिला बाइट ई० येणार, आणि त्याचे उरलेले दोन पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला. तुम्ही दोन्ही तुकडे वेगवेगळे डिकोड करताय, तर पहिल्या तुकड्यात एकट्या ई० चं एक � , आणि दुसऱ्या तुकड्यात ए४ आणि ९५ यांना पुढारी बाइटच नाही म्हणून प्रत्येकाचं एकेक, झाले तीन. पुढच्या सीमेवर अक्षर दोन-एक असं तुटतं, तिथे आधीच्या दोन बाइटांचं मिळून एकच � येतं आणि उरलेल्याचं एक, झाले दोन. तिसरी सीमा १२२८८ वर, तिला तीनने पूर्ण भाग जातो, तिथे काहीच तुटत नाही. खऱ्या फाइलमध्ये मध्ये स्पेस, एंटर, स्वल्पविराम असे एक बाइटवाले असतात म्हणून हा क्रम पुढेमागे होतो, पण दोन आणि तीन सोडून तिसरा आकडा देवनागरीत येत नाही. तुम्ही सांगितलंत तेच.

तर फाइल चांगली आहे, फोन चांगला आहे, लोकेलचा इथे काडीचा संबंध नाही. बाइटांच्या सीमेवर डिकोड करणं एवढाच दोष. आणि रिप्लेस लावल्यामुळे तो झाकला गेला, एरर येत होती ती खरं तर मदतच करत होती, तिच्यात कितव्या बाइटला अडलंय ते लिहिलेलं असतं.

उपाय सोपा. फाइल बायनरी मोडमध्ये उघडूच नका, टेक्स्ट मोडमध्ये उघडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा आणि फॉर लूपने एकेक ओळ वाचा. मेमरी तितकीच कमी लागते, सीमेचं सगळं पायथन आतल्या आत सांभाळतो. टेक्स्ट मोडमध्ये रीड ४०९६ केलंत तर तो बाइट न मोजता कोडपॉइंट (युनिकोडमधली एकेक चिन्हं) मोजतो, � जातील, पण मग शब्दच दोन तुकड्यांत विभागला जाईल आणि मोजणी चुकेल, म्हणून ओळच बरी. सॉकेट किंवा पाइपवरून कच्चे बाइटच येत असतील आणि तुकडे टाळता येत नसतील तर कोडेक्स मॉड्यूलमध्ये इन्क्रिमेंटल डिकोडर आहे तो घ्या, तो अर्धवट राहिलेले बाइट स्वतःजवळ धरून ठेवतो आणि पुढचा तुकडा आला की जोडतो. शेवटच्या तुकड्याला फायनल ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर फाइलच अर्ध्यात कापलेली असेल तर कळणारही नाही.

जाता जाता, फाइल कुठल्या कॉम्प्युटरवरून आलीय? जुन्या नोटपॅडमधून सेव्ह केलेली असेल तर सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट चिकटलेले असू शकतात, बीओएम. मग नुसत्या स्पेसवर शब्द तोडले तर पहिला शब्द यादीत दोनदा दिसू शकतो, एक बीओएमसकट आणि एक बिनबीओएमचा, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच. एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८-सिग लिहिलं की तो प्रश्न मिटला, बीओएम नसेल तरी ते चालतं. शेल स्क्रिप्टच्या सुरुवातीला हा बसला तर पहिली शबँगची ओळच ओळखली जात नाही, तो वैताग निराळा.

जुनी_खोड

वरचं सगळं बरोबर. मी सी मध्ये लिहितो फोनवर, तिथे इन्क्रिमेंटल डिकोडर वगैरे लाड नाहीत, पण हाताने करणं पण अवघड नाही म्हणून सांगतो. बफर भरला की शेवटच्या बाइटपासून मागे या. वरचे दोन बिट १० असतील तर तो मधला बाइट, अजून मागे या, जास्तीत जास्त तीन पावलं. पुढारी बाइट सापडला की त्याचे वरचे बिट बघा, १११० असेल तर तीन बाइटांचं अक्षर, ११११० असेल तर चार. जेवढे हवेत तेवढे बफरमध्ये नसतील तर ते शेपूट पुढच्या बफरच्या सुरुवातीला कॉपी करायचं आणि त्याच्या पुढे वाचायचं. संपलं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइकनी १९९२ मध्ये हे एन्कोडिंग बसवलं तेव्हा पुढारी बाइट आणि मधला बाइट कधीच एकमेकांसारखे दिसणार नाहीत याची सोय करून ठेवली, म्हणून कुठेही मध्येच उतरलात तरी दोन-तीन पावलांत अक्षराची सुरुवात सापडते. जुन्या काही दोन-बाइटी एन्कोडिंगांत ही सोय नव्हती, पार फाइलच्या सुरुवातीपासून मोजत यावं लागायचं.

सी वाल्यांची नेहमीची दुसरी खोड म्हणजे प्रिंटएफ मध्ये टक्का टिंब २० एस. ते २० बाइट छापतं, अक्षरं नाही. २० बाइट म्हणजे सहा अक्षरं आणि सातव्याचे दोन बाइट, शेवटी � ठरलेला. एसटीआरएनकॉपी ची पण तीच गत.

फाइलच्या नावांचं पण बघा. लिनक्सच्या बहुतेक फाइलसिस्टिमात नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. एक्सफॅटवाल्या मेमरी कार्डावर तीच मर्यादा २५५ यूटीएफ-१६ युनिटांची आहे, त्यामुळे कार्डावर मजेत बसलेलं लांबलचक मराठी नाव फोनच्या आतल्या स्टोरेजमध्ये कॉपी करताना नाव फार मोठं आहे म्हणून अडतं आणि माणूस म्हणतो अरे शंभरच तर अक्षरं आहेत.

अर्धविराम

ठीक आहे पण लोकेल सेट करायला काय हरकत आहे? सर्व्हरवर आम्ही नेहमी करतो.

शेलपाखरू

सर्व्हरवर करा, हरकत नाही. अँड्रॉइडवर तो उपयोगाचा नाही इतकंच. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक, तिला लोकेलची मोजून चार नावं कळतात, सी, पॉझिक्स, सी.यूटीएफ-८ आणि ईएन_यूएस.यूटीएफ-८. मराठी तिथे नाहीच, मग एक्स्पोर्ट काय करणार. टर्मक्स स्वतःच लँग ला ईएन_यूएस.यूटीएफ-८ ठेवतं, ते तसंच असू द्या, मराठी छापायला मराठी लोकेल लागत नाही, यूटीएफ-८ वालं कुठलंही चालतं. आणि पायथन तर अँड्रॉइडवर लोकेलकडे बघतच नाही, सरळ यूटीएफ-८ धरतो.

खटपट्या भाऊंच्या डेबियनचं मात्र लोकेलच असणार. प्रूटमध्ये गेलात की बायोनिक सुटलं, जीलिबसी (डेबियनची सी लायब्ररी) आली आणि तिथे लोकेल खरोखर तयार केलेलं असावं लागतं. नसलेलं नाव दिलं की जीलिबसी मुकाट सी वर परत येते, बॅश फार तर सेटलोकेल जमलं नाही अशी एक ओळ छापतं जी कोणी वाचत नाही. मग डब्ल्यूसी डॅश एम अक्षरं मोजायची सोडून बाइट मोजतं, एलएस नावांच्या जागी ३४० २४४ २२५ असले ऑक्टल आकडे दाखवतं. लोकेल डॅश ए करून बघा, सी.यूटीएफ-८ डेबियनमध्ये आयतं असतं, तेच लँग मध्ये लिहा. आणि एलसी_ऑल कुठे सेट नाही ना ते तपासा, तो असला की लँग ला कोणी विचारत नाही.

पायथन ३.७ पासून (२०१८) सी लोकेल दिसलं तर स्वतःहून यूटीएफ-८ कडे वळतो, त्यामुळे डेबियनमध्ये पायथन नीट आणि बाकीच्या कमांड बिघडलेल्या असं विचित्र चित्र दिसतं. त्याच्या आधीच्या पायथनवर आस्की कोडेक एन्कोड करू शकत नाही ही प्रसिद्ध एरर यायची, अजून कुठे जुना असेल तर पायथनआयओएन्कोडिंग व्हेरिएबल लावून भागतं.

पायमोडकं_अक्षर

चौकोनांचं झालं, पण तुटणाऱ्या शब्दांचा खरा गुन्हेगार रेजेक्स आहे त्याकडे कोणी बघितलंच नाही.

पायथनच्या री मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोअर. काना, वेलांटी, उकार, पाय मोडायची खूण हे युनिकोडच्या हिशोबी अक्षर नाहीत, मार्क आहेत, म्हणून री त्यांच्यावर शब्द तोडतो. "क्षितिज" घ्या, आत बघितलं तर सात कोडपॉइंट आहेत, क, ्, ष, ि, त, ि, ज. यातले तीन मार्क. त्या तिन्ही ठिकाणी तुटून हातात येतं क, ष, त, ज. म्हणूनच यादीत नुसते क आणि त वर चढलेत. तसंच "मराठी" या स्ट्रिंगला इझअल्फा विचारा, फॉल्स म्हणेल! मराठीला अक्षरं मानायला तयार नाही 😀

दोन रस्ते. एक, री सोडून रेजेक्स नावाचं बाहेरचं मॉड्यूल पिप ने घ्या, त्याचा बॅकस्लॅश डब्ल्यू मार्कांना पण शब्दात धरतो. दोन, काही बाहेरचं नको असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूलने प्रत्येक चिन्हाची कॅटेगरी काढा, एल ने किंवा एम ने सुरू होत असेल तर शब्दाचा भाग, नाहीतर शब्द संपला. फक्त झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर, यू+२००डी आणि यू+२००सी, यांना अपवाद करा, ते सीएफ कॅटेगरीत येतात पण मराठी शब्दाच्या पोटात बसलेले असतात. नुसत्या स्प्लिट वर विसंबू नका, स्ट्रिंग.पंक्चुएशन मध्ये फक्त आस्की चिन्हं आहेत, वळणदार अवतरणचिन्हं शब्दाला चिकटून राहतील.

आता "तऱ्हा". हे आपल्या मराठीचं खास दुखणं. हा आडवा र तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, यू+०९३१ हा ऱ आणि पाय मोडायची खूण. दोन, साधा र, त्याला नुक्ता यू+०९३सी, मग पाय मोडायची खूण. तीन, साधा र, पाय मोडायची खूण आणि मागे यू+२००डी. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब एक. ग्रेप बाइट जुळवतो, त्याला काय माहीत. पहिले दोन युनिकोडच्या नियमाने समान आहेत, म्हणजे युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ एनएफसी लावलं की दुसरा पहिल्यात बदलतो. तिसरा मात्र नॉर्मलाइझने हलत नाही, तो स्वतःच रिप्लेस करायचा, र ् यू+२००डी दिसलं की ऱ ् करा, आणि हे शब्द तोडायच्या आधी करा.

"ॲप" मधल्या ॲ चं पण तेच. यू+०९७२ हे त्याचं स्वतंत्र चिन्ह युनिकोड ५.१ मध्ये म्हणजे २००८ ला आलं, त्याच्या आधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं, काही जण तर हिंदीचा ऍ यू+०९०डी टाकतात. या तिघांना एनएफसी एक करत नाही. माझ्याकडे अशा बदलांची एक छोटी डिक्शनरीच आहे, कुठलीही मराठी फाइल आली की आधी त्यातून काढायची आणि मगच पुढचं, मोजणी असो की सर्च.

टिंबटिंब

आयफोनवर आयएसएच (टर्मक्ससारखं ॲप) वापरतो, तिथे पण हेच सगळं लागू का?

शेलपाखरू

बाइट, रेजेक्स, ऱ हे सगळं जसंच्या तसं, ते फोनवर अवलंबूनच नाही. लोकेलचं तिथे सोपं आहे, आयएसएच मध्ये अल्पाइन असतं आणि त्याची मसल लायब्ररी, तिच्यात साधं सी सोडलं तर सगळी लोकेल यूटीएफ-८ चीच. बिझीबॉक्सच्या कमांड अक्षरं मोजतात की बाइट ते मात्र ती कशी बांधलीय त्यावर, एकदा तपासून घ्या.

खटपट्या

शेलपाखरू आणि पायमोडकं, दोघांनाही दंडवत! टेक्स्ट मोड आणि ओळीने वाचन केलं, � गायब. कॅटेगरीवालं लावलं, क्षितिज सापडलं. डेबियनमध्ये खरंच लँग मध्ये एमआर_आयएन होतं, सी.यूटीएफ-८ केल्यावर डब्ल्यूसी पण शुद्धीवर आलं. ऱ चं तीन नंबरचं प्रकरण फाइलच्या उत्तरार्धात निघालं, बहुतेक दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या कीबोर्डने टाइप केलेला भाग.

रकान्यांचं मात्र अजून तसंच. एलजस्ट २० काही ऐकत नाही.

पायमोडकं_अक्षर

ऐकणार नाही, त्याचा नाद सोडा.

"क्षितिज" च परत घेऊ. बाइट २१. कोडपॉइंट ७. आपण मराठी माणसं मोजू तर क्षि, ति, ज, तीन. युनिकोडच्या ग्राफीम क्लस्टरच्या (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) नियमाने सुद्धा आता तीनच, पण ही जोडाक्षर एक धरायची दुरुस्ती १५.१ आवृत्तीत म्हणजे २०२३ ला आली, त्याआधीच्या लायब्रऱ्या क् वेगळं काढून चार सांगतात. आणि टर्मिनल मोजतं ते पाचवंच काहीतरी. टर्मिनल म्हणजे चौकटीचा कागद, प्रत्येक चिन्ह किती घरं घेणार याचा तक्ता त्याच्याकडे असतो. ु, े, ् यांना शून्य घरं यावर सगळ्यांचं एकमत, पण ा, ि, ी, ो यांना काही तक्ते एक घर देतात तर काही शून्य. म्हणजे एका टर्मिनलात क्षितिज सहा घरांचं, दुसऱ्यात चार. एलजस्ट सात धरून १३ स्पेस जोडतो. तिन्हींचा मेळ कसा बसणार? डब्ल्यूसीविड्थ नावाचं मॉड्यूल आहे, त्याने घरं मोजून स्पेस भरता येतात, पण त्याचा तक्ता आणि तुमच्या टर्मिनलचा तक्ता एकच असेल तरच, आणि एसएसएच ने दुसरीकडे गेलात की परत घोळ.

मी काय करतो, आकडा आधी छापतो आणि शब्द शेवटी. आकडा उजवीकडे सरकवून सहा घरांत, मग दोन स्पेस, मग शब्द, मग ओळ संपली. शब्दाच्या मागे काही यायचंच नाही म्हटल्यावर त्याची रुंदी कोणाला हवीय. युनिक डॅश सी पण असंच छापतं बघा.

जुनी_खोड

+१ आकडा आधी.

आणखी एक, कोणी आकड्यांसाठी टीआर वापरायला जाऊ नका. देवनागरी आकडे इंग्रजीत बदलायला टीआर ला शून्य ते नऊ ची रेंज दिली तर जीएनयू टीआर बाइटावर चालतं. ० म्हणजे ई० ए५ ए६ आणि ९ म्हणजे ई० ए५ एएफ, टीआर यातला ई० पण बदलून टाकतो आणि ई० तर फाइलमधल्या प्रत्येक मराठी अक्षरात आहे, अख्ख्या फाइलचा चुथडा. सेड ची वाय कमांड वापरा, यूटीएफ-८ लोकेलमध्ये ती कोडपॉइंट धरून चालते. कट डॅश सी पण जीएनयूचं बऱ्याच ठिकाणी बाइटच कापतं, गंमत म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या टॉयबॉक्समधलं कट डॅश सी ला यूटीएफ-८ अक्षरं मोजतं. ऑक मध्ये पण मॉक बाइट मोजतो आणि गॉक अक्षरं. पायथनवाल्यांना आकड्यांचा त्रास नाही, इंट ला "१२३" दिलं तर बिनबोभाट घेतो.

खटपट्या

आकडा आधी केला, छान दिसतंय. शेवटचं एक विचारतो. यादी शब्दांच्या क्रमाने लावली तर ळ चे शब्द ल च्या मागोमाग येतात. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर आहे ना. हे पण लोकेलनेच सुटतं का?

शेलपाखरू

जीलिबसी किंवा आयसीयू असेल तर सुटतं, बायोनिकमध्ये नाही, तिथे स्ट्रिंगची तुलना म्हणजे सरळ बाइटांची तुलना. युनिकोडमध्ये ल यू+०९३२, ळ यू+०९३३ आणि ह यू+०९३९, म्हणून ळ आधी येतो. आयसीयूत मराठीचे नियम आहेत पण फोनवर एवढ्यासाठी ती लायब्ररी बांधत बसू नका. सॉर्टेड ला की फंक्शन द्या, शब्दातल्या प्रत्येक चिन्हाचा कोडपॉइंट नंबर काढून टपल करा आणि चिन्ह ळ असेल तर ह च्या नंबरात अर्धा मिळवून द्या. बाकीचा क्रम कोडपॉइंटने बराचसा आपल्या कोशांसारखाच लागतो, क, मग का, कि, की आणि जोडाक्षरं शेवटी, कारण पाय मोडायची खूण मात्रांच्या नंतर आहे. अनुस्वार कुठे धरायचा ते प्रत्येक कोशाचं वेगळं, ते तुम्ही ठरवा.

खटपट्या

चाललं! अर्धा मिळवायची युक्ती भारी आहे. क्ष आणि ज्ञ ला पण असंच शेवटी न्यायचं का क आणि ज खालीच ठेवायचे?

पायमोडकं_अक्षर

शब्दांची यादी असेल तर क आणि ज खालीच ठेवा, शोधणारा तिथेच बघतो. अक्षरांचा तक्ता काढत असाल तर शेवटी. आणि ती ऱ-ॲ ची डिक्शनरी हवी असेल तर निरोप टाका, पाठवतो.